आठ महिने, एक मोफत एडिटर आणि हुकलेली सम

काकांच्या तबल्याच्या क्लासचे व्हिडिओ एडिट करायला गेले आठ महिने एक मोफत सॉफ्टवेअर वापरतोय. नाव मुद्दाम लिहीत नाही. खालचं रडगाणं थोड्याफार फरकाने बऱ्याच एडिटरना लागू आहे, आणि त्यातलं निम्मं पाप माझ्या फोनचं निघालं.

पहिलाच मोठा व्हिडिओ, दहा मिनिटांचा, तीनतालातला (सोळा मात्रांचा ताल) कायदा, म्हणजे तबल्यावरची एक बांधलेली रचना. सुरुवात चोख. शेवटाकडे काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, "अरे, मी समेवर आलो, तुझा व्हिडिओ आधीच उतरला." सम म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीची, आवर्तनाची, पहिली मात्रा. खरंच, हात आधी पडत होते आणि 'धा' हा बोल (तबल्याचं अक्षर) मागून येत होता. लय मिनिटाला 120 मात्रांची, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि फरक त्याहून जरा जास्तच. दोन दिवस ऑडिओ पुढेमागे सरकवत बसलो. शेवट जुळवला की सुरुवात बिघडायची.

मग फाइल मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे फाइलचे तपशील दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडली. फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) मोड : व्हेरिएबल, म्हणजे बदलता. सरासरी 29.97. फोन उजेड बघून फ्रेम कमीजास्त घेतो, आणि एडिटर सगळ्या फ्रेम 30 च्या हिशोबाने मांडत होता. दहा मिनिटांत 0.6 सेकंद इथेच गेले. आता प्रत्येक फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतो : व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट 30, खाली कॉन्स्टंट, म्हणजे स्थिर. वेळ खातो, पण त्यानंतर सम हुकलेली नाही.

मधे एक शहाणपणा मीही केला. 'आपल्याकडे 25 चालतं' असं कुठेतरी ऐकून प्रोजेक्ट 25 वर ठेवला. आपला टीव्ही 25 चा, हे बरोबर. पण फुटेज 30 चं. दर सहा फ्रेममागे एक गळत होती आणि 'तिरकिट' या जलद बोलातली बोटं उड्या मारत होती.

इथपर्यंत सॉफ्टवेअरला फार दोष देत नाही. कीफ्रेमच्या, म्हणजे कुठल्या क्षणी इफेक्ट किती असावा हे सांगणाऱ्या खुणांच्या, बाबतीत मात्र देतो.

खाली 'धा धिं धिं धा' लिहून चालू बोल उजळवायचा, हा माझा हट्ट. सोळा मात्रा, प्रत्येकीला चालू-बंद असे दोन कीफ्रेम. एक आवर्तन लावायला पाऊण तास. त्यानंतर क्लिपचं सुरुवातीचं टोक जरा छाटलं, तर बोल जागच्या जागी राहिले आणि झूम मात्र सरकला. काही इफेक्टचे कीफ्रेम मूळ फुटेजला चिकटलेले असतात, काहींचे क्लिपच्या कडेला, आणि कुठला कशाला ते छाटल्याशिवाय कळत नाही. वेग बदलला की आणखी मजा. रियाजासाठी 80 टक्के केला, चित्र आणि आवाज संथ झाले, कीफ्रेम जुन्याच वेळेवर. आठ सेकंदांचं आवर्तन दहाचं झालं, म्हणजे पुढच्या समेला बोल पूर्ण दोन सेकंद आधी उजळला. विद्यार्थ्यांनी त्यावर हात चालवले असते तर काकांनी मला घरात घेतलं नसतं. आता आधी वेग ठरवतो, तेवढी क्लिप वेगळी रेंडर करून (नवी फाइल बनवून) परत आणतो आणि मगच कीफ्रेमला हात लावतो.

एक बारीक गोष्ट शोधायला मात्र महिना गेला. बायाँवर (डाव्या हाताच्या तबल्यावर) 100 वरून 140 टक्के झूम, चार सेकंद तिथेच, मग परत. मधल्या चार सेकंदांत दोन्ही टोकांना 140 च होतं, तरी फ्रेम श्वास घेतल्यासारखी किंचित फुगून बसायची. कारण कीफ्रेमचा प्रकार 'स्मूथ' : आजूबाजूचे आकडे बघून वक्र काढताना तो 140 च्या वर जाऊन खाली येतो. स्थिर भागाच्या दोन्ही कीफ्रेम लिनिअर केल्या आणि श्वास थांबला.

आणि हो, फाइलमधल्या कीफ्रेम वेगळ्या : अधूनमधून साठवलेल्या पूर्ण फ्रेम, बाकीच्यांत फक्त बदल. रेंडर न करता नुसती कात्री चालवायची तर काप तिथेच पडतो. एच.264 या व्हिडिओ प्रकाराच्या एन्कोडरमध्ये अशा दोन कीफ्रेममधलं अंतर बऱ्याचदा 250 फ्रेमपर्यंत असतं, म्हणजे 30 ला आठ सेकंदांहून जास्त. एकाच शब्दाचे दोन अर्थ, त्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

आता रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी काका एकेक टाळी देतात. दोन्हीकडे सारखाच फरक दिसला तर ऑडिओ नुसता सरकवतो. शेवटी जास्त दिसला तर फाइल पुन्हा हँडब्रेककडे. तिसरी टाळी काका मधेच कुठेतरी देतात, ती का ते अजून सांगत नाहीत.