फोल्डस्कोप: खाडीकाठी उपयुक्त, खापरांपुढे अपुरा

स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत घडलेला हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे 140 पट मोठी प्रतिमा देतो; दाभोळ खाडीच्या चिखलावरचा तपकिरी, बुळबुळीत थर काचपट्टीवर घेतला की होडीच्या आकाराचे डायटम (एकपेशीय सूक्ष्म शैवाल) संथपणे सरकताना त्यात दिसतात. (सूर्याकडे मात्र तो रोखू नये.) शाळकरी मुलांसाठी एवढ्यावरच पैसे वसूल होतात. परंतु घारापुरीला सापडलेल्या रोमन ॲम्फोरांसारख्या (दोन कानांच्या उंच मातीच्या सुरया) भांड्यांची माती गोड्या पाण्याकाठची की खाऱ्या, हे तिच्यात टिकलेल्या डायटमच्या सिलिकामय (काचेसारख्या) कवचांवरील बारीक नक्षीवरून ठरवायचे असेल, तर प्रयोगशाळेतला हजारपट दाखवणारा सूक्ष्मदर्शकच हवा. भट्टीच्या तीव्र आचेत कवचे वितळली असतील, तर त्याचाही इलाज चालत नाही.