मस्टँगसाठी अलॉय व्हील: कुर्ल्याच्या एका दुकानाचा अनुभव

फोर्ड मस्टँग जीटीची मूळ 19 इंची चाके खड्ड्यांनी वाकल्यामुळे नवा संच घेण्यासाठी मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील एका दुकानात गेलो. विक्रेत्याचा सारा भर 20 इंची चाकांवर होता. परंतु चाक मोठे झाले की टायरची बाजूची भिंत बुटकी होते आणि पावसाळ्यातील मुंबईत त्याचा फटका थेट रिमला बसतो, म्हणून मी 19 वरच ठाम राहिलो. निवडलेली चाके फ्लो-फॉर्म्ड (ओतल्यावर फिरवत, दाब देऊन रिम घडवलेली) असून ती साध्या ओतीव चाकांपेक्षा हलकी आहेत. ऑफसेटची, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसते त्या मापाची, दुकानदारांनी नीट दखल घेतली. टायर चढवण्यापूर्वी नुसते रिम लावून ते ब्रेक कॅलिपरला (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला) घासत नसल्याचे मला वाकून पाहू दिले, हे विशेष आवडले.

चूक झाली ती मधल्या भोकात. पाच बोल्टांचे 114.3 मिलिमीटरचे वर्तुळ जुळले. पण मस्टँगच्या हबचा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा) व्यास 70.5 आणि या चाकांचे भोक 73.1 मिलिमीटर असूनही मधली फट भरणारी हब रिंग बसवलीच नव्हती, त्यामुळे ईस्टर्न फ्रीवेवर वेग वाढताच स्टिअरिंग थरथरू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुरकुर न करता, पैसे न घेता रिंगा बसवल्या. मात्र नट पुन्हा हवेच्या गननेच आवळले जात होते; 204 न्यूटन-मीटरवर टॉर्क रेंच (मोजून जोर लावणारा पाना) लावा, हे मलाच सांगावे लागले.