व्हीएस कोड, जेटब्रेन्स मोनो आणि मराठी ओळी: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या कामात कोड इंग्रजी आणि मजकूर मराठी असतो. ॲपमधली बटणं, सूचना, एरर मेसेज सगळं मराठीत, जेसन (मजकूर नाव-मूल्य जोड्यांत ठेवणाऱ्या) फायलींमध्ये. टीममधले लोक कमेंटही, म्हणजे कोडमधल्या टिपाही, बरेचदा मराठीतच लिहितात. त्यामुळे 'कोडिंगसाठी सर्वोत्तम फॉन्ट' छापाचे व्हिडिओ पाहिले की वाटतं, हे लोक माझ्या अर्ध्याच स्क्रीनबद्दल बोलतायत. उरलेल्या अर्ध्या स्क्रीनचं काय करायचं, ते मला स्वतःलाच हळूहळू बदल करत शोधावं लागलं.

इंग्रजीचा भाग पटकन उरकतो, कारण तिथे फारसं भांडण नाही. विंडोजवर व्हीएस कोड, म्हणजे मी कोड लिहायला वापरतो तो एडिटर, मुळात कन्सोलस हा फॉन्ट वापरतो आणि तो वाईट अजिबात नाही. मी जेटब्रेन्स मोनोवर गेलो. जानेवारी 2020 मध्ये आलेला हा फॉन्ट फुकट आहे, मुक्त परवान्याचा आहे, आणि त्यात लहान इंग्रजी अक्षरांची उंची मुद्दाम वाढवलेली आहे. त्यामुळे 14 चा आकार ठेवूनही अक्षरं मोठी वाटतात. मोठा आय, छोटा एल आणि एकचा आकडा यांत गोंधळ होत नाही. फिरा कोड आणि कॅस्केडिया कोड हे फॉन्टही वापरून पाहिले. आठवडाभराने कोणता लावलाय हेच विसरायला होतं, आणि माझ्या मते ही चांगली खूण आहे.

खरी मजा देवनागरीपासून सुरू होते. या नावाजलेल्या कोडिंग फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. मग मराठी ओळ आली की एडिटर सिस्टिमकडे हात पसरतो आणि जे मिळेल ते लावतो. विंडोजवर सहसा निर्मला यूआय येतो, मॅकवर कोहिनूर देवनागरी, आणि लिनक्सवर जे इन्स्टॉल असेल ते. एकच फाइल टीममधल्या तीन लॅपटॉपवर तीन वळणांची दिसते.

यावर उपाय सेटिंगमध्येच आहे. 'एडिटर फॉन्ट फॅमिली' या खान्यात एकच नाव द्यायचं बंधन नाही, स्वल्पविराम देऊन यादी देता येते. नावात मोकळी जागा असेल तर ते एकेरी अवतरणात घालायचं. मी आधी जेटब्रेन्स मोनो आणि त्याच्यामागे मुक्ता हा देवनागरी फॉन्ट ठेवला. मुक्ता मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, हाही मुक्त परवान्याचाच. क्रम उलटा करू नका. मुक्तामध्ये इंग्रजी अक्षरंही आहेत आणि ती समान रुंदीची नाहीत, त्यामुळे तो पहिला ठेवला तर सगळा कोड वेडावाकडा होतो. नवा फॉन्ट इन्स्टॉल केल्यावर एडिटर पूर्ण बंद करून उघडा, नाहीतर यादीत नाव असूनही तो लागत नाही आणि माणूस उगाच स्पेलिंग तपासत बसतो.

आता अडचण आकाराची. जेटब्रेन्स मोनोची इंग्रजी अक्षरं भरदार, त्यामुळे शेजारची देवनागरी किरकोळ वाटते. व्हीएस कोडमध्ये यादीतल्या दुसऱ्या फॉन्टला वेगळा आकार द्यायची सोय नाही. (ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये लिपीनुसार फॉन्ट आणि त्याचं प्रमाणही ठरवता येतं. ईमॅक्सवाले हे सांगायची संधी सोडत नाहीत, आणि इथे त्यांचं बरोबर आहे.) मी शेवटी सगळाच आकार 15 केला.

आकारापेक्षाही मोठा फरक पडला ओळीच्या उंचीने. विंडोज आणि लिनक्सवर मूळ उंची फॉन्टच्या आकाराच्या सुमारे 1.35 पट असते. इंग्रजीला ती पुरते. मराठीत मात्र 'मूर्ती' लिहिलं की खाली दीर्घ ऊकार, वर रफार आणि वेलांटी. अशा दोन ओळी एकाखाली एक आल्या की वरचा उकार खालच्या रफाराला टेकतो. 'लाइन हाइट'मध्ये 8 पेक्षा लहान आकडा दिला तर एडिटर तो पट म्हणून घेतो. मी 1.7 दिला. स्क्रीनवर ओळी कमी बसतात हे खरं, म्हणून तो फक्त जेसन आणि मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडलेल्या लेखी मजकुराच्या) फायलींना लावलाय. फाइलच्या प्रकारानुसार (व्हीएस कोड त्याला 'लँग्वेज' म्हणतो) सेटिंग वेगळं ठेवता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बाकी कोडला 1.5.

तिरप्या कमेंट हा वेगळा छळ. पुष्कळ थीम, म्हणजे एडिटरच्या रंगसंगती, कमेंट तिरप्या दाखवतात. जेटब्रेन्स मोनोला खरं तिरपं वळण आहे, मुक्ताला नाही, त्यामुळे मराठी अक्षरं नुसती ढकलून वाकवली जातात. साध्या मॉनिटरवर त्या शिरोरेषा दातेरी दिसतात. थीमवर आपले नियम चढवून कमेंटची तिरपी शैली काढून टाकली, डोळ्यांना आराम पडला.

लिगेचर, म्हणजे => चा एकसंध बाण वगैरे, थोडे दिवस चालू ठेवले आणि बंद केले. स्क्रीन शेअर करून नवीन मुलांना शिकवताना != चं एकच चिन्ह दिसतं आणि ते टाइप कसं करायचं हा प्रश्न हमखास येतो. लिगेचर बंद केले तर जोडाक्षरं तुटतील अशी धास्ती काहींना असते. तुटत नाहीत. जोडाक्षरं घडवणारे नियम फॉन्टमध्ये वेगळे असतात.

काही गोष्टी फॉन्ट बदलून सुटत नाहीत. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन पद्धतींनी साठवलेला असू शकतो: एक थेट ऱ वापरून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. शोधात रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुना देऊन शोधायची सोय) चालू करून अदृश्य चिन्हासकटचा तो अर्धा र शोधायचा आणि थेट ऱ वाल्याने बदलून टाकायचा, एवढंच हातात आहे. मराठी वळणाचे ल आणि श यांचंही असंच. नोटो सान्स देवनागरी या फॉन्टात ते आहेत, पण मजकूर मराठी आहे असं प्रोग्रामने सांगितलं तरच दिसतात, आणि 'या फाइलमधला मजकूर मराठी' असं सांगायला एडिटरमध्ये जागा नाही. मी हिंदी वळणाच्या ल ची सवय करून घेतली आहे, तक्रार कायम ठेवून.

टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा, तर नादच सोडला. तो चौकटी आखून एकेका खान्यात अक्षर बसवतो, त्यामुळे काना एकीकडे, अक्षर दुसरीकडे. कोणताही फॉन्ट दिला तरी तेच. टेस्टचं (कोडच्या चाचण्यांचं) मराठी आउटपुट मी फाइलमध्ये वळवतो आणि एडिटरच्या टॅबमध्येच उघडतो.