घरच्या तळ्याची देखभाल कुणाकडे द्यावी: माळी, पूलवाला की फिश टँकवाला?

अंगणात तळं बांधलं की पहिला महिना मजेत जातो. पाणी नितळ असतं, कारंजं जोरात उडतं, संध्याकाळी पोरं काठावरून हलत नाहीत. दुसऱ्या महिन्यात पाणी हिरवं पडायला लागतं आणि घरात विषय निघतो, कुणाला तरी महिन्यावर लावू या. पुण्यात या कामाला तीन प्रकारची माणसं मिळतात. बागेला येणारा माळी, स्विमिंग पूल सांभाळणारा ठेकेदार आणि फिश टँक नि बागेतली तळी बघणारा. तिघेही 'होऊन जाईल' म्हणतात. पण तिघांचा हात वेगवेगळ्या कामावर बसलेला असतो, आणि ते आधी ओळखलं नाही तर मासे जिवाला मुकतात.

कुणालाही बोलवण्याआधी तळ्यात पाणी किती मावतं ते काढून ठेवा. आमचं तळं 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 60 सेंटिमीटर खोल, म्हणजे 3,600 लिटरचं. पंप केवढा लागेल, औषध किती टाकायचं, सगळं या आकड्यावर ठरतं. जो माणूस लिटर न विचारता महिन्याचा दर सांगतो, त्याला मी तरी काम देणार नाही.

पूलवाल्यापासून सुरुवात करते, कारण माझी चूक तिथेच झाली. पंप, पाइप, गळती, कारंज्याच्या नोझलमध्ये बोअरच्या पाण्याचे साठलेले क्षार, ही कामं तो उत्तम करतो. तुमच्याकडे नुसतं फरशीचं कुंड आणि कारंजं असेल, मासे नाहीत, कमळ नाही, तर दुसरं कुणी शोधूच नका. पण पाण्यात काहीही जिवंत राहू द्यायचं नाही, हेच त्याचं रोजचं काम. आमच्याकडे आलेल्या ठेकेदाराने सकाळी तळं पूर्ण उपसलं, कडा घासल्या, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढरा करून दिला आणि कॉर्पोरेशनचं पाणी भरून दुपारी गेला. तळाशी खडा न् खडा दिसत होता. संध्याकाळी मासे वर येऊन तोंडं उघडमिट करत होते. सकाळपर्यंत सात गेले.

नंतर कळलं की त्या स्पंजवर जी तपकिरी घाण दिसते, तिच्यातच कामाचे जीवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. हे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट झाडं शोषून घेतात. नवीन तळ्यात ही घडी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनने ती एका दुपारी मोडते. म्हणून स्पंज धुवायचा तो तळ्याच्याच पाण्यात, बादलीत काढून, आणि एका वेळी पाव हिश्शापेक्षा जास्त पाणी बदलायचं नाही. भरायचं पाणीही आदल्या दिवशी उघड्या पिंपात काढून ठेवायचं.

माळीकाकांचं तसं नाही. ते आठवड्यातून दोनदा येतातच, आणि तळ्यावर नजर हवी ती अशीच, वरचेवर फिरणारी. पडलेली पानं कुजण्याआधी काढणं, कुमुदिनीची पिवळी पानं छाटणं, कुंडीतला कंद वाढला की वेगळा करणं, ही अर्धी देखभाल झाली. कुमुदिनीच्या पानांवर कारंज्याचे तुषार पडले की ती नीट फुलत नाही, हे मला त्यांनीच दाखवलं आणि कुंडी दूरच्या कोपऱ्यात सरकवली. तीन गोष्टी मात्र त्यांना आधीच सांगून ठेवाव्या लागतात. शेवाळावर मोरचूद टाकायचं नाही, तांब्याचं ते विष माशांना सोसत नाही. शेजारच्या गुलाबावर फवारणी करताना तळं झाकायचं. आणि रात्री वीज वाचवायला पंप बंद करायचा नाही. 40 वॉटचा पंप अख्ख्या दिवसाला जेमतेम एक युनिट खातो. रात्री पाण्यातली झाडंही प्राणवायू घेतात, त्यामुळे माशांना पंपाची खरी गरज तेव्हाच असते.

फिश टँकवाला तिघांत महाग, आणि येतो पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने. पण पाणी कळतं ते त्यालाच. तो तपासणीचे थेंब टाकून अमोनिया बघतो, मासा कशाने मलूल झाला ते सांगतो. खटकतं ते एवढंच की दर खेपेला एखादी नवी बाटली विकायला बघतो. शिवाय कोई नावाचे रंगीत मासे घ्या म्हणून आग्रह धरतो. कोई हातभर वाढतात, कुमुदिनीच्या मुळ्या उकरतात आणि त्यांना मीटरभर तरी खोली हवी. आमच्यासारख्या उथळ तळ्यात गप्पी आणि थोडे गोल्डफिश पुरे.

गप्पी तर हवेतच, डासांच्या अळ्या तेच खातात. डासाच्या अंड्याचा उडता डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे महिन्यातून एकदा येणाऱ्या कोणत्याही ठेकेदाराच्या भरवशावर पावसाळा काढता येत नाही. महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे गप्पींची चौकशी करून बघा.

विजेचं काम या तिघांपैकी कुणाकडेही देऊ नका. पाण्यातला पंप आणि दिवे यांच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे ना, अर्थिंग ठीक आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून मृगाच्या आधी बघून घ्या. आणि वायरीला धरून पंप वर ओढू नका, कुणाला ओढू देऊ नका.

आता आमच्याकडे माळीकाका आठवड्याचं बघतात आणि फिश टँकवाला तीन महिन्यांतून एकदा येतो. त्याच्याशी ठरलेलं कागदावर आहे. खेपा किती, औषधं दरात धरली आहेत की वेगळी, आणि विचारल्याशिवाय तळं उपसायचं नाही. नवा माणूस घेताना त्याला स्पंज कुठे धुणार एवढंच विचारा. तो नळाकडे बघायला लागला तर चहा देऊन निरोप द्या.

पूलवाल्याचा नंबरही ठेवलाय, गळतीसाठी. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की लगेच त्याला बोलवू नका. बादलीत दगड घालून ती तळ्यात बसवा, बाहेरच्या पातळीएवढंच पाणी तिच्यात भरा आणि आत-बाहेर खडूने खूण करा. फिल्टर चालू राहू द्या, कारंजं तेवढं बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचं पाणी सारखं उतरलं असेल तर ते उन्हाने उडालंय. तळ्याचं जास्त उतरलं असेल तर करा फोन, ते काम त्याचंच.