फॉलआउट की सायबरपंक रेड: टेबलावर काय मांडावं?

दोन्ही टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत, फासे टाकत खेळायचे खेळ: फॉलआउट अणुयुद्धानंतरच्या उजाड जगातला, सायबरपंक रेड बड्या कंपन्यांच्या मुठीतल्या भविष्यातला. लातूरकरांना फॉलआउट समजावून सांगावं लागत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव आहे हे! फॉलआउटच्या २०२१ च्या नियमपुस्तकात तहान-भुकेचे नियम आहेत, गढूळ पाणी प्यायलं की किरणोत्साराचा हिशोब चुकत नाही. खेळ बेतलाय त्याच नावाच्या व्हिडिओ गेमवर; काळ २२८७, म्हणजे त्याच्या चौथ्या भागाचा. दोन वीस-बाजूंचे फासे टाकायचे, ज्या फाशावर पात्राच्या गुण आणि कौशल्याच्या बेरजेइतका किंवा त्याहून कमी आकडा आला, ते एक यश. नुकसानीसाठी मात्र खास फासे लागतात. ते नसतील तर साधे सहा-बाजूंचे घ्या, पण दर वेळी तक्ता बघत बसा. वैताग येतो.

सायबरपंक रेडची गोष्ट उलटी. सायबरपंक हा टेबलावरचा खेळ १९८८ चा, ‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम नंतर आला. रेड हे २०२० चं नियमपुस्तक २०४५ मधलं नाइट सिटी हे काल्पनिक शहर दाखवतं, त्यामुळे व्हिडिओ गेममधल्या कंपन्यांच्या भांडणाची मुळं इथे सापडतात. फासे साधेच, दहा-बाजूंच्या फाशावर दहा आला की पुन्हा टाकून बेरीज. त्या क्षणी टेबलावर जो कल्ला होतो, तो फॉलआउटमध्ये नाही.

तरी मे महिन्यात, टँकरची वाट बघत खेळायचं तर मी फॉलआउटच काढेन.