साडेआठशेचा व्हॅक्यूम गेज आणि माझी खोकणारी पद्मिनी

अंगणातल्या पत्र्याखाली दोन वर्षं खपून उभी केलेली माझी प्रीमियर पद्मिनी आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) धडधडायची, सिग्नलला बंद पडायची. येईल तो म्हणायचा, "कार्बोरेटर!" मी तो दोनदा उघडला, जेट फुंकले, प्लग बदलले, पॉइंटचा गॅप पुन्हा लावला. फरक शून्य.

शेवटी ८५० रुपयांचा हा व्हॅक्यूम गेज मागवला; इंजिन हवा किती जोरात ओढतंय ते काट्यावर दाखवतो. मॅनिफोल्डला (कार्बोरेटरमधून इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा पाइप) नळी जोडली, तर काटा १२ इंचांवर (पाऱ्याचे इंच, ओढ मोजायचं माप) ठाण मांडून बसला. धडधाकट इंजिन आयडलला साधारण १७ ते २१ दाखवतं. काटा स्थिर पण खाली, म्हणजे टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) मागे पडलंय किंवा कुठूनतरी फुकटची हवा आत शिरतेय. टायमिंग तपासलं, ठीक होतं. मग गाडी नुकतीच चालू केलेली, गार असतानाच कार्बोरेटरच्या बुडाशी क्लीनरचा जरासा फवारा मारला (तापल्या इंजिनावर नको, पेट घेईल) आणि इंजिनचा आवाज एकदम चढला, म्हणजे हवा तिथूनच शिरत होती. कार्बोरेटरखालचं गॅस्केट (सांधा हवाबंद ठेवणारी चकती) फाटलेलं! घाईत मीच वाकडं बसवलेलं; हे घरी सांगितलेलं नाही. नवं टाकलं, काटा १८ वर.

सोबतची रबरी नळी मात्र काठीसारखी कडक, वेगळी आणावी लागली. डायलची काचही सैल आहे. पाचपैकी चार.