एचडीआर मॉनिटरवर साधा व्हिडिओ: उन्हाळा आणि पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला जास्त फरक दाखवणारे चित्र, दाखवू शकणारा डिस्प्लेएचडीआर ४०० प्रमाणपत्राचा हा सत्तावीस इंची मॉनिटर मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानातून घेतला, त्यानंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटून गेला आहे. रिफ्रेश रेट, पोर्ट आणि स्टँड यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. लिहायला बसण्याचे कारण आहे सर्व्हिस सेंटरचे उत्तर. एचडीआर चालू केले की साधा, म्हणजे एसडीआर, व्हिडिओ फिकट दिसतो आणि मॉनिटरच्या मेनूतला ब्राइटनेस हलवताच येत नाही, अशी तक्रार मी वॉरंटीत नोंदवली होती. घरी आलेल्या तंत्रज्ञाने ‘पॅनेल ओके’ असा शेरा मारला आणि नंतर फोनवर सांगण्यात आले की एचडीआर बंदच ठेवा. ज्या सोयीसाठी जादा पैसे मोजले तीच बंद ठेवण्याचा सल्ला, तोही कारण न सांगता मिळावा, याचा मला राग आला.

ते कारण समजण्यासारखे आहे. एसडीआर व्हिडिओचे ग्रेडिंग, म्हणजे त्याचे रंग आणि उजेड ठरवण्याचे काम, १०० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) संदर्भ पडद्यावर होते. पुढे घरी आपण तो आपल्या सोयीच्या उजेडात पाहतो आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. एचडीआर१० या एचडीआरच्या प्रकारात मात्र उजेड आकड्यांत मांडण्याची पीक्यू ही पद्धत असते. चित्रपट आणि टीव्हीची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या एसएमपीटीई या संस्थेने २०१४ साली एसटी २०८४ या नावाने प्रमाणित केलेल्या या पद्धतीत सिग्नलमधील प्रत्येक आकड्याला ठरावीक निट्स नेमून दिलेले असतात, अगदी १०,००० पर्यंत. पडदा एकदा या हिशेबावर गेला की साध्या व्हिडिओतला पांढरा रंग किती निट्सचा धरायचा हे कोणीतरी ठरवावे लागते, आणि विंडोज ११ मध्ये ते ‘एसडीआर कंटेंट ब्राइटनेस’ नावाचा स्लायडर ठरवतो. तो शून्यावर असताना पांढरा ८० निट्सचा, शंभरावर ४८० निट्सचा, आणि प्रत्येक पायरीला ४ निट्सची वाढ. माझ्या पडद्याची धाव ४०० निट्सपर्यंत असल्याने ऐंशीच्या पुढे स्लायडर नेण्यात काहीच अर्थ उरत नाही, पण हे ना डब्यातल्या पुस्तिकेत छापलेले आहे, ना तंत्रज्ञाला माहीत होते.

आमच्याकडे खासबाग मैदानातल्या कुस्त्यांचे जुने चित्रीकरण बरेच आहे आणि सासरे ते आवडीने पाहतात. स्लायडर ऐंशीवर ठेवला तेव्हा पंचांच्या पांढऱ्या फेट्याच्या घड्या पार पुसल्या गेल्या, डोक्यावर नुसता एक पांढरा गोळा दिसू लागला आणि ‘डोळ्यांवर येतंय गं’ म्हणून सासरे उठून गेले. तोच व्हिडिओ एकतीसवर आणला तेव्हा घडी न् घडी दिसली. एकतीसवर पांढरा २०४ निट्सचा होतो, आणि आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.२४०८ या अहवालाने एचडीआर निर्मितीसाठी सुचवलेला संदर्भ पांढरा २०३ निट्सचा आहे, त्यामुळे हा आकडा मला पटला. शिवाय साधा पांढराच ४०० निट्सचा केला, तर खऱ्या एचडीआर चित्रातल्या सूर्याला किंवा दिव्याला त्याच्याहून उजळ दिसायला जागाच राहत नाही. उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत असताना मी हा आकडा पन्नासच्या आसपास नेत असे आणि संध्याकाळी परत खाली आणत असे. तेवढ्यावर मी समाधानी होते. तेव्हा परीक्षण लिहिले असते तर पाचपैकी साडेचार तारे दिले असते.

पावसाळ्याने हे मत बदलले. जुलैत आपल्याकडे दिवसदिवस आभाळ उतरलेले असते, खोलीत दुपारी चारलाच अंधारून येते, आणि त्या अंधारात काळ्या रंगाचे खरे रूप समोर आले. स्लायडर अगदी शून्यावर नेला तरी व्हिडिओच्या वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या राखाडी दिसत होत्या. प्लगला वॅटमीटर लावून पाहिला, तर एचडीआर चालू असताना स्लायडर खाली-वर करूनही वीज जवळपास तेवढीच खर्च होते. म्हणजे मागचा बॅकलाइट पूर्ण ताकदीने पेटलेला असतो आणि उजेड कमी करण्याचे काम पुढच्या पिक्सेलांवर पडते. ४०० च्या प्रमाणपत्राला बॅकलाइटचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद करण्याची सोय असावी लागत नाही, आणि या मॉनिटरला ती नाही. ओएलईडी पडद्यावर हा प्रश्न येत नाही, कारण तेथे पिक्सेल स्वतःच प्रकाशतो आणि काळा असेल तेथे विझतो. माझ्या पडद्यावर मात्र अंधाऱ्या खोलीत बातम्या पाहण्यासाठीही पूर्ण दिव्याचे बिल भरायचे, ही गोष्ट मला काही केल्या पटत नाही.

फिकटपणाला आणखी एक कारण आहे, आणि त्यात मॉनिटर कंपनीचा दोष नाही. एचडीआर चालू असताना विंडोज साध्या चित्राला एसआरजीबीचा वक्र, म्हणजे सिग्नलच्या आकड्यावरून उजेड ठरवण्याचा एक नियम, लावते, तर एचडीआर बंद असताना बहुतेक मॉनिटर २.२ गॅमा या दुसऱ्या वक्राने चालतात. या दोहोंतला फरक गडद छटांत सर्वाधिक असल्याने सावल्या उचलल्यासारख्या दिसतात. आखाड्याच्या कडेला बसलेल्या लोकांच्या काळ्या केसांवर धूळ बसल्यासारखे वाटते. ब्राइटनेसच्या स्लायडरने हे कधीही सुधारणार नाही, कारण तो वक्राला हात लावत नाही.

सध्या मी साध्या व्हिडिओसाठी एचडीआर बंद ठेवते आणि खरा एचडीआर चित्रपट लावायचा असेल तेव्हा विंडोज, ऑल्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबून चालू करते. एचडीआर बंद असताना मेनूतला ब्राइटनेस हलतो, बॅकलाइट खरोखर मंद होतो आणि वॅटमीटरवरचा आकडाही उतरतो. सर्व्हिस सेंटरचा सल्ला शेवटी हाच होता हे खरे, पण कारण सांगितले असते तर तक्रार पुढे नेण्याची वेळ आली नसती. तारे साडेतीन, कापलेला एक तारा पूर्णपणे त्या बॅकलाइटचा.

याच किमतीतला मॉनिटर घेणाऱ्यांनी दुकानातच एचडीआर चालू करायला लावून त्यावर एखादा साधा व्हिडिओ लावावा, मेनूतला ब्राइटनेस हलतो का ते पाहावे आणि दुकानदाराला शक्य असल्यास जवळचे दिवे बंद करायला सांगून काळ्या पट्ट्या किती काळ्या दिसतात ते तपासावे, मगच पैसे द्यावेत.